थंडीवर आळ



या डिसेंबरात सुट्टीला भारतात निघालेल्या दोन मित्रांनी मला एकाच आठवड्यात एकच प्रश्न विचारला. "इथे तो ट्रॅक्टर स्टार्ट करायचा स्प्रे मिळतो ना, त्याचे दोन डबे गावी न्यायचे आहेत. बॅगेत चालतील का?" एकाचं गाव सांगली जिल्ह्यात, दुसऱ्याचं जळगावकडे. दोघांच्याही घरचा ट्रॅक्टर थंडीत सकाळी सुरू व्हायला रडतोय, आणि दोघेही माझ्यासारखेच: डिग्री मेकॅनिकलची, पोट सॉफ्टवेअरवर.

छोटं उत्तर: नाही चालणार. त्या डब्यात इथर असतं, आणि पेट घेणारा असा एरोसोल विमानात ना हातातल्या बॅगेत चालतो ना चेक-इनमध्ये. एअरपोर्टवर बॅग उघडतील, डबे कचऱ्यात जातील आणि वर चार प्रश्न विचारतील ते वेगळंच.

मोठं उत्तर असं की तो डबा नेऊच नये. माझं मत विचाराल तर इथल्या शेतकऱ्यानेही तो हाताशी ठेवू नये. हे मत पुस्तकातून आलेलं नाही, भुवया जाळून घेऊन आलेलं आहे. म्हणून जरा लांबण लावतो.

मी राहतो पीटरबरोच्या बाहेर, फेन्सच्या कडेला. सपाट प्रदेश, काळी माती, आणि जानेवारीत हाडं गोठवणारा वारा. घरामागे एक शेतकरी आजोबा आहेत. चाळीसेक मेंढ्या, थोडी शेती, आणि एक मॅसी फर्ग्युसन १३५. हे मॉडेल १९६४ साली बाजारात आलं, म्हणजे आजोबांचा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा. मेंढ्यांना चारा नेण्यापुरता तो रोज सकाळी लागतो. आणि रोज सकाळी सहाच्या सुमारास आमच्या बेडरूममध्ये ऐकू यायचं: घुंर्र... घुंर्र... घुं... मग शांतता, मग फुस्स फुस्स, मग एक असा ठोका की जणू कोणी इंजिनाच्या आत घण घातला, आणि मग पांढऱ्या धुराच्या ढगात तो एकदाचा सुरू. बायको म्हणायची, "झाली यांची काकड आरती."

ट्रॅक्टर मला परका नाही. आमचं गाव निफाड तालुक्यात. द्राक्षाचा पट्टा. आणि महाराष्ट्रात थंडीची बातमी आली की निफाडचं नाव आधी येतं, हे पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर २०१८ मध्ये कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात १.८ अंश नोंदले गेले होते. तसल्या पहाटे लोक बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू ठेवतात, मणी वाचावेत म्हणून. अशा वेळी फवारणीचा ट्रॅक्टर सकाळी अडून बसला की घरातलं वातावरण बाहेरच्यापेक्षा गार होतं. आमच्याकडेही मॅसीच आहे, टाफेचा १०३५, तीन सिलिंडरवाला.

इथे एक अवांतर, पण मला ते फार आवडतं. आजोबांच्या १३५ मधलं तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन याच पीटरबरोतलं. फ्रँक पर्किन्सने १९३२ साली ही कंपनी इथे काढली. चेन्नईच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्सच्या परवान्यावर भारतात इंजिनं बनवली, आणि १९६० साली चेन्नईतच निघालेल्या टाफेने आपल्या मॅसी ट्रॅक्टरांत सिम्पसनची इंजिनं बसवली. म्हणजे आण्णांच्या खळ्यात जे इंजिन धडधडतं, त्याचं आजोळ माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे.

आणि त्या आजोळाच्या इतिहासात थंडीत सुरू न होण्याचं एक प्रकरण आहेच. पर्किन्सच्या आधी मॅसी फर्ग्युसन ३५ मध्ये स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं २३सी नावाचं डिझेल इंजिन असायचं. कव्हेंट्रीच्या बॅनर लेनला हा ट्रॅक्टर बनायचा (तो कारखाना २००२ साली बंद झाला). २३सी एकदा गरम झालं की गुणी, पण हिवाळ्याच्या सकाळी त्याने इथल्या शेतकऱ्यांचा अंत पाहिला. आजही जुन्या ट्रॅक्टरांच्या जत्रेत त्याचं नाव काढा, म्हातारे लोक हसायला लागतात. कारण साधं होतं. त्यात डिझेल बाजूच्या एका छोट्या कप्प्यात मारलं जायचं. कप्पा म्हणजे जास्त भिंती, जास्त भिंती म्हणजे दाबलेल्या हवेची उष्णता लोखंडात जास्त मुरणार. १९५९ च्या अखेरीस त्या जागी पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन आलं, ज्यात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर मारलं जातं. थंडी तीच, शेतकरी तेच, गाऱ्हाणं मात्र बरंचसं मिटलं. मॅसी फर्ग्युसनने त्याच वर्षी पर्किन्स कंपनीच विकत घेतली.

(अवांतरात अवांतर: एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर बसून. ते पेट्रोलवाले होते हे खरं, त्यामुळे डिझेलवाल्यांनी कॉलर ताठ करायचं कारण नाही.)

तर, गेल्या जानेवारीतली एक सकाळ. उणे चार अंश. घुंर्र घुंर्र पंधरा मिनिटं चाललं. मी कोट चढवून बाहेर गेलो. आजोबांचा खांदा दुखत होता, म्हणाले, मी चावी फिरवतो, तू फवार. मला वाटलं, आपण मेकॅनिकल इंजिनीअर आहोत. त्यांनी चावी हीटरच्या घरात धरली, मी एअर फिल्टरच्या तोंडाशी डबा धरून चांगला दोन-तीन सेकंद दाबला. पुढचं सांगायला वेळ लागतो, घडायला लागला नाही. ढप्प असा आवाज, पाईपातून हातभर ज्वाळा, आणि माझ्या दोन्ही भुवया गेल्या. चेहरा वाचला तो देवाच्या आणि थोड्या वाऱ्याच्या कृपेने. चूक शंभर टक्के माझी. डब्यावर ठळक लिहिलेलं असतं की हीटर किंवा ग्लो प्लग चालू असताना फवारू नका. डिझेल पेटायला सव्वादोनशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, इथरला त्याहून बरंच कमी, आणि मी ते लालबुंद तारेवर मारत होतो.

पण त्या भडक्याने एक गोष्ट कळली: तार लाल होतेय, म्हणजे हीटर जिवंत आहे. मग इंजिन का अडतं? या इंजिनात थर्मोस्टार्ट नावाची एक छान युक्ती असते. हवेच्या मार्गात एक तारेचं वेटोळं. चावी अर्धी फिरवून पंधरा-वीस सेकंद धरली की ते तापतं, तापल्यावर त्यातली बारीक झडप उघडते, डिझेलचे थेंब तारेवर पडून पेटतात, आणि इंजिन आत ओढतं ती हवा ऊन होते. आजोबांच्या ट्रॅक्टरला त्या थेंबांची नळीच नव्हती. आधीच्या कुठल्या तरी मालकाने ती काढून तोंडाला बोल्ट मारून ठेवला होता. गळत असेल, वैतागला असेल. त्यानंतर किती वर्षं लोक त्या ट्रॅक्टरला हीटर देत होते आणि मग डबा मारत होते, देव जाणे. वीस पौंडांच्या आत नळी आली आणि निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

निम्माच. कारण उरलेला निम्मा त्या डब्याने केला होता. इथे जुने लोक म्हणतात की इंजिनाला इथरची चटक लागते. ऐकायला अंधश्रद्धा वाटते, पण आत खरोखर तसंच चक्र फिरतं. इथर हवेत मिसळूनच आत जातं, आणि पिस्टन वर पोहोचण्याआधीच भडकतं. पिस्टन वर येतोय आणि स्फोट त्याला खाली दाबतोय. तो घणाचा आवाज यातूनच. रोज सकाळी असे दोन-चार घण बसले की रिंगा आणि रिंगांच्या खाचा हळूहळू झिजतात, तुटतात. मग कॉम्प्रेशन उतरतं. कॉम्प्रेशन उतरलं की थंडीत डिझेल पेटत नाही. मग अजून इथर. आजोबांचा ट्रॅक्टर आता हीटरवर सुरू होतो, पण धूर सोडतो, तेल खातो. ते म्हणतात, आम्ही दोघं एकदमच जाऊ.

त्याच आठवड्यात निफाडहून आण्णांचा फोन. तिकडे सहा-सात अंश. "अरे, ट्रॅक्टर सेल्फच उचलत नाही सकाळी. दुपारी काही नाही, अर्ध्या फेऱ्यात घेतो. थंडी फार आहे यंदा." मेकॅनिक बघून गेला होता. त्याचं निदान: इंजिन बसलंय, रिंग-पिस्टन करावे लागतील, पंपही खोलू. सत्तर हजारांच्या घरात.

आणि मी काय म्हणालो? "आण्णा, पाठवतो. करून टाका."

मंडळी, मला या वाक्याबद्दलच खरं लिहायचं आहे. सत्तर हजार म्हणजे इथले सहाशे पौंड. माझ्या जिवावर येत नाहीत. दोन मिनिटांत पाठवता येतात, आणि पाठवले की आपण चांगला मुलगा ठरतो. मिटिंग सुरू होणार होती, फोन ठेवायचा होता. फोन ठेवला आणि बाथरूमच्या आरशात बिनभुवयांचं स्वतःचं तोंड दिसलं. म्हटलं, हाही फवाराच की. सकाळपुरतं इंजिन सुरू होतंय, आत काय झालंय ते कोणी बघत नाही. ऑफिसात एखादा सर्व्हर रोज पहाटे पडायला लागला आणि ज्युनियर म्हणाला, "रीस्टार्ट केला की चालतो, नाहीतर नवीन घेऊ," तर आपण त्याला लॉग दाखव म्हणतो. वडिलांच्या ट्रॅक्टरचा लॉग मी विचारलाच नव्हता.

परत फोन केला. एकच प्रश्न विचारला: "उतारावरून सोडला तर?" आण्णा म्हणाले, "उतारावरून काय, चार हात गेला की घेतो. त्याचं काही नाही."

हे वाक्य नीट ऐका. त्याच पहाटे, त्याच थंडीत, तेच इंजिन, उतारावरून सोडलं की लगेच घेतं. म्हणजे डिझेल पोचतंय, नोझल मारताहेत, रिंगा हवा धरताहेत. फरक एवढाच की उतारावर इंजिन जोरात फिरतं आणि सेल्फवर मंद. बसलेलं इंजिन उतारावरून असं हसत-खेळत घेत नाही.

दुसऱ्या वर्षाचं थर्मो ज्यांना आठवतं त्यांनी कागद घ्या. हवा सतरा पट दाबली तर तिचं तापमान किती चढतं? सुरुवात २७ अंशांपासून केली तर पुस्तकी उत्तर ६६० अंश सेल्सिअसच्या जवळपास येतं. सुरुवात उणे तीनपासून केली तर ५६५. म्हणजे बाहेरच्या तीस अंशांनी आत शंभराहून कमी अंशांचा फरक पडला, आणि डिझेल पेटायला लागतं त्याच्या दुपटीहून जास्त तापमान तरीही हातात आहे. थंडी एकटी इंजिन अडवू शकत नाही. आता मंद फिरणारं इंजिन घ्या. पिस्टन रेंगाळत वर येतोय, तोवर उष्णता गार भिंतींत मुरतेय, थोडी हवा रिंगांतून निसटतेय. पुस्तकातल्या १.४ घातांकाच्या जागी १.२५ धरा. उणे तीनपासून सुरुवात करून २७५ अंशांच्या आसपास येता. डिझेलच्या उंबरठ्यावर कसेबसे. थंडीने जे नव्वद-पंचाण्णव घेतले त्याच्या तिप्पट मंदपणाने घेतले. (आकडे ढोबळ आहेत, चू.भू.द्या.घ्या.)

अर्थात थंडी आणि मंदपणा यांचं साटंलोटं आहेच. गारठ्यात ऑइल काकवीसारखं घट्ट होतं आणि बॅटरी नेमकी तेव्हाच हात आखडते. म्हणून तर ज्या ट्रॅक्टरात आधीपासून काहीतरी कच्चं आहे तो थंडीत पडतो, आणि शेजारचा त्याच थंडीत उभा राहतो.

आमच्याकडचं कच्चं काय ते शोधायला रात्री एक वाजेपर्यंत जागलो, कारण निफाडला तेव्हा पहाटेचे साडेसहा. गार इंजिनच तपासायचं होतं. दुपारी तो ट्रॅक्टर निर्दोष असतो, दुपारी मेकॅनिक बोलावून उपयोग नाही. पुतण्या पॉलिटेक्निकला आहे, त्याच्याकडे तीनेकशे रुपयांचा मल्टिमीटर होता. व्हिडिओ कॉलवर आण्णा, पुतण्या, बॅटरीच्या उजेडात ट्रॅक्टर, आणि मागे आई शेकोटीपाशी बसून म्हणतेय, "इतक्या रात्रीचा जागा काय ठेवला त्याला."

पहिली गोष्ट, क्रँकच्या पुलीवर खडूने रेघ मारली. गिअर न्यूट्रल, स्टॉपची खिटी ओढून ठेवली म्हणजे इंजिन पेटायचं नाही, आणि दहा सेकंद सेल्फ मारला. व्हिडिओ हळू करून फेऱ्या मोजल्या: तेरा. म्हणजे मिनिटाला ७८. डिझेल इंजिनाला शंभराच्या वर, खरं तर दीडशेच्या आसपास हवेत. आजार सापडला, कारण बाकी. (दहा सेकंदांहून जास्त एका वेळी सेल्फ मारू नये, मध्ये दोन मिनिटं दम द्यावा. सेल्फ जळाला तर ते सत्तर हजारांत धरलेलं नव्हतं.)

मग बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मीटर. शांत असताना १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना १०.४. म्हणजे बॅटरी ठीक. इथेच बहुतेक लोक थांबतात, किंवा मीटर न लावताच नवीन बॅटरी घेऊन येतात. पुतण्याला सांगितलं, आता मीटरची लाल तार सेल्फच्या बोल्टवर आणि काळी सेल्फच्या अंगावर धर. तिथे आले ७.८. बॅटरीतून निघालेले २.६ व्होल्ट वाटेतच गायब! वाट दोनच: जाणारी लाल केबल आणि परत येणारं अर्थिंग. लाल केबलवर ०.३. उरलेले २.३ अर्थिंगवर.

अर्थिंगची पट्टी जिथे चासिसला बोल्टने बसते तिथे टॉर्च मारला. चकाचक लाल रंग. गेल्या दसऱ्याला ट्रॅक्टरला नवा रंग दिला होता, पूजेसाठी. रंगवणाऱ्याने पट्टी सोडली, सगळीकडे छान दोन हात मारले, आणि ओल्या रंगावरच पट्टी परत आवळली. सेल्फ ओढतो अडीचशे अँपिअर. २.३ भागिले २५० म्हणजे एक ओहमचा साधारण शंभरावा भाग. एवढासा अडथळा! साध्या मीटरवर ओहम मोजायला गेलात तर तो शून्यच दाखवणार. सेल्फ चालू असताना व्होल्ट मोजले तरच सापडतो. ऑक्टोबरच्या उन्हात इंजिन हलकं फिरायचं, तेव्हा हा अडथळा खपून गेला. रंग लागला दसऱ्याला, ट्रॅक्टर अडला थंडीत, आणि आळ आला थंडीवर.

पुतण्याने बोल्ट काढून पॉलिश पेपरने लोखंड उघडं केलं, पट्टीची कड घासली, आवळून वर ग्रीस लावलं. खडूची रेघ पुन्हा मोजली: दहा सेकंदांत सव्वीस. खिटी सोडली आणि सेल्फ मारला. पहिल्या झटक्याला घेतला. पांढरा धूर, मग निळसर, मग साफ. खर्च: पॉलिश पेपर, आठ-दहा रुपये.

मेकॅनिकला मी लबाड म्हणणार नाही. त्याला इंजिन खोलता येतं, म्हणून त्याला प्रत्येक रोग इंजिनात दिसतो. आमच्या धंद्यातले कन्सल्टंट तरी वेगळं काय करतात? (ह.घ्या.) राग मला माझ्या "करून टाका"चा आहे. आपण परदेशात बसलेले लोक घरच्या प्रत्येक खर्चाला हो म्हणतो आणि त्यालाच लक्ष देणं समजतो. सत्तर हजार गेले असते, बरं चाललेलं इंजिन खोललं गेलं असतं, आणि अर्थिंगखालचा रंग तसाच राहिला असता. इंजिन बसवून सेल्फ मारला की परत ७८ फेऱ्या. तेव्हा मेकॅनिक काय म्हणाला असता? नवीन ट्रॅक्टर घ्या. आणि मी? बहुधा "बघतो" म्हणालो असतो.

म्हणून माझ्या दोन्ही मित्रांना माझं सांगणं: बॅगेत डब्याऐवजी बऱ्यापैकी मल्टिमीटर न्या, आणि घरच्यांना आधी धूर विचारा. सेल्फ मारताना मागून पांढरा धूर येतो का? येत असेल तर डिझेल आत पोचतंय, पण पेटण्याइतकी ऊब नाही: मग फेऱ्या मोजा, बॅटरी-केबल-अर्थिंग बघा, हीटर असेल तर हीटर बघा, आणि हे सगळं नीट असूनही अडत असेल तरच रिंगांवर संशय घ्या. धूर अजिबातच नसेल तर डिझेलच पोचत नाही. तेव्हा बॅटरी बदलून काही होणार नाही. फिल्टर तुंबलाय, नाहीतर कुठेतरी बारीक फटीतून रात्रभर हवा शिरून डिझेल टाकीकडे परत गेलंय. सुरू होऊन मिनिटभरात बंद पडतो तोही सहसा याच जातीचा. हाताचा पंप मारून एअर काढली की चालतो, पण रोज काढावी लागत असेल तर वॉशर बदला, रोज पंप मारत बसू नका.

इंग्लंडात धूर नसण्याचं एक खास कारण आहे. डिझेलमध्ये मेण असतं, ते गारठ्यात गोठून फिल्टरला लिंपण लावतं. इथल्या पंपांवर हिवाळ्यात वेगळं डिझेल येतं, उणे १५ पर्यंत फिल्टरमधून जाईल असं. उन्हाळ्याचं मात्र उणे ५ पर्यंतच. पण शेतकऱ्याचं लाल डिझेल (कमी कराचं, रंगवलेलं) मोठ्या टाकीत भरून ठेवलेलं असतं. आजोबांच्या टाकीतलं जुलैमध्ये भरलेलं. जानेवारीत उणे सातला ते डिझेल कशाला हलेल? आपल्याकडे निफाडला एवढी वेळ येत नाही, तरी उन्हाळ्यापासून ड्रममध्ये साठवलेलं डिझेल ऐन थंडीत वापरू नये. आणि ऑइल बदलताना डब्यावर आकड्यापुढे डब्ल्यू आहे का ते वाचा: १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. नुसतं ४० नंबरचं ऑइल स्वस्त मिळतं, पण पहाटे तेच सेल्फच्या पायात बेड्या घालतं.

आपल्याकडे डब्याचा एक गावठी भाऊ आहे, तोही सोडा. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा, किंवा त्याहून वाईट, पेटता बोळा. लहानपणी मी हा बोळा धरलेला आहे, मोठ्या अभिमानाने. माझ्या भुवया तेव्हाच जायच्या होत्या, पस्तीस वर्षांचं होईपर्यंत थांबल्या एवढंच.

इथले एक मित्र म्हणाले, तुझं सगळं ठीक, पण सकाळी सहाला मेंढ्या उपाशी आहेत, बर्फ पडतोय, तेव्हा माणसाने मल्टिमीटर घेऊन बसायचं का? रास्त आहे. त्या सकाळी जमेल तसा सुरू करा, शेजाऱ्याच्या गाडीची बॅटरी जोडा, किटलीभर गरम पाण्यात फडकी भिजवून हवेच्या मॅनिफोल्डवर टाका, रेडिएटरजवळ दिवा लावून वर रग टाकून ठेवा. जुन्या फील्ड मार्शल ट्रॅक्टरला तर चक्क बंदुकीसारखं काडतूस उडवून सुरू करायचे, शिवाय सिलिंडरच्या तोंडाशी धुमसता कागद. अडल्या वेळी माणूस काय वाटेल ते करतो. माझं म्हणणं दुसऱ्या दिवशीच्या सकाळबद्दल आहे. तेव्हाही परत डबाच हातात घेतला तर मेंढ्यांचं नाव पुढे करू नये.

आजोबांना मी निफाडची गोष्ट सांगितली. त्यांना उताराचा भाग फार आवडला. म्हणाले, आमच्या फेन्समध्ये उतार असता तर मी डबा विकतच घेतला नसता. खरंच आहे, इथे उतार शोधायला नकाशा लागेल.

आण्णांचा ट्रॅक्टर या हिवाळ्यातही पहिल्या झटक्याला घेतोय. दसऱ्याला या वेळी पुतण्याने पट्टीजवळ उभं राहून रंग मारून घेतला. परवा व्हिडिओ कॉलवर पाहिलं तर ट्रॅक्टर नेहमीच्या जागी नव्हता. खळ्याच्या कडेला नवीन मुरूम टाकून छान उंचवटा केलाय, त्याच्यावर तोंड खाली करून उभा. मी म्हटलं, "आण्णा, आता कशाला उतारावर?"

"असू दे," म्हणाले. "मीटर पुतण्याच्या खोलीत असतो."

आपला,
एक निफाडकर, मु. पो. पीटरबरो

ता.क. भुवया परत आल्या आहेत. डावी जरा उशिरा आली.